शिट्टीचे शेंगदाणे

प्रेमिलाबाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी एक छोटी ताटली असायची, आणि त्या ताटलीतल्या शेंगदाण्यांना कुणी हात लावायचा नाही असा त्या घरचा कायदा होता. कुकरची शिट्टी झाली की सरिता त्यातला एक शेंगदाणा तोंडात टाकायची. ताटली रिकामी झाली की गॅस बंद. डाळ असो, भात असो, छोले असोत, तेवढे शेंगदाणे प्रेमिलाबाई सकाळीच काढून ठेवत, आणि सरिताचा स्वयंपाक कधी बिघडत नसे. बिघडला तो एकदाच. गेल्या रविवारी नत्थूजीमामा आले, ओट्याला टेकून गप्पा मारता मारता त्यांनी ती ताटली साफ केली, आणि त्या दिवशी सगळ्यांनी तुरीची डाळ चावून चावून खाल्ली. वर मामांनीच डाळीला नावं ठेवली.

सरिता प्रेमिलाबाईंची एकुलती एक लेक. गांधीबागेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होती. साडीचा काठ एकदा नजरेखालून गेला की मागच्या फळीवरच्या ढीगभर मरून रंगांतला नेमका तो मरून ती डोळे मिटून काढायची. बिल मात्र शेजारच्या काउंटरवरची मुलगी करायची, कारण आकडा म्हटला की सरिताचं गाडं अडायचं. बसचा नंबर, घड्याळाचे काटे, कुणाचा मोबाइल नंबर, काही म्हणजे काही डोक्यात थांबत नसे. शाळेत तिनं त्यापायी किती छड्या खाल्ल्या याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. नववीत माया मॅडम आल्या, त्यांनी पोरीला मारलं तर नाहीच, उलट मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, डोकं तल्लख आहे, पण आकड्यांची समजच वेगळी बसली आहे. हा आळस नाही, निष्काळजीपणा नाही, तेव्हा पाढे घोकून घेऊ नका. कॅल्क्युलेटर द्या, वेळ द्या, तिच्या पद्धतीनं करू द्या. या प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. हा शब्द प्रेमिलाबाईंनी त्या दिवशी एकदाच कसाबसा उच्चारला आणि नंतर आयुष्यभर त्या त्याला ‘ते’ म्हणत राहिल्या. नत्थूजीमामांनी त्यातलं फक्त ‘कॅल्’ ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. सरिताची हाडं मजबूत झाली, गणित होतं तिथंच राहिलं.

नवऱ्यामागं एकटीनं पोर वाढवलेल्या प्रेमिलाबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पहिलं स्थळ आलं तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं होतं. मुलाच्या आत्यानं बशीतले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले, तोंड पुसलं आणि म्हणाली, “पोरीले हिशोबच येत नाही तं घर कशी चालवीन?” त्या माणसांनी परत तोंड दाखवलं नाही. पुढं कित्येक दिवस सरिता घरातही हळू आवाजात बोलायची. तेव्हाच प्रेमिलाबाईंनी ठरवलं, आता खरेपणा पुरे.

आणि आता रोशन. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला, पाळीभर मीटरचे काटे वाचणारा मुलगा. एका मैत्रिणीच्या लग्नात सरिताशी ओळख झाली, फोनवर बोलणी वाढली, आणि आज त्याच्या घरच्यांना भेटायला, त्यांचं घर पाहायला जायचं होतं. सरिताला तो मनापासून आवडला होता, हे प्रेमिलाबाईंना तिच्या गुणगुणण्यावरूनच कळलं होतं. पण जो माणूस आकड्यांवर पोट भरतो, त्याच्या घरी ‘ते’ कळलं तर काय होईल, हा विचार त्यांचा पिच्छा सोडत नव्हता.

“हे पाय,” निघण्याआधी त्यांनी लेकीला बजावलं, “आज आकड्याची गोष्ट निघाली का तू तोंड उघडायचं नाही. किती वाजले, किती दूर, कोन्ता नंबर, काही नाही. मी खोकली का तू चूप. बाकी मी पाहून घेईन.”

“आई, रोशनले तं...”

प्रेमिलाबाई खोकल्या. रंगीत तालीम तिथंच झाली.

“अन् तो मोबाइल दे माह्याजवळ. वाजला-बिजला, कोनी काही इचारलं तं फसशीन.” सरिताचा मोबाइल आईच्या पर्सच्या तळाशी गेला.

गाडी नत्थूजीमामांची होती आणि पत्ताही मामांकडंच होता. मामा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. नागपूरच्या अर्ध्या बसगाड्यांचे नंबर त्यांना अजून पाठ. “मले नंबर सांगा, मी मानूस आनून देतो,” हे त्यांचं आवडतं वाक्य. रोशनच्या आईनं फोनवर सांगितलेलं त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं, “सुजाता लेआउट, प्लॉट नंबर सत्तेचाळीस. लिहून घ्यायची गरज नाही आपल्याले.”

मागच्या सीटवर नरखेडच्या संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली सरिता खिडकीबाहेर पाहत होती. कोळशाचे ट्रक मागं पडले, सुजाता लेआउटची कमान आली, मामांनी ऐटीत गाडी आत घातली.

“मामाजी, पान्याची टाकी नाही आली,” सरिता म्हणाली. “टाकीखाली पिंपळ आहे, तिथून वळायचं...”

प्रेमिलाबाई खोकल्या.

मामांनी एकेका फाटकावरचे आकडे वाचत गाडी पुढं नेली आणि एका घरासमोर करकचून उभी केली. फाटकावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, सत्तेचाळीस. “पाह्य! डायरेक्ट!”

“आई, फाटक हिरवं पायजे होतं. त्याच्यावर सायकलचं चाक...”

या वेळी खोकल्यासोबत चिमटाही होता. सरिता दंड चोळत खाली उतरली.

दार उघडलं ते घरच्या कर्त्या पुरुषानं, भैय्याजींनी. पांढरा सदरा, कपाळावर चष्मा, तोंडभर हसू. “या जी, या! तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. उशीर झाला म्हून वाटलं, तुम्ही दुसरीकडं पक्कं केलं का काय.”

“छे जी,” प्रेमिलाबाई म्हणाल्या, “आम्ही एक ठरवलं म्हंजे ठरवलं.” दोन्ही पक्ष खूश झाले. भैय्याजींच्या पत्नी देवकीबाईंनी संत्र्यांची पिशवी पाहून “याची काय गरज होती” म्हटलं आणि तेवढ्याच चपळाईनं ती आत नेली.

रोशनचं घर आपल्यासारखंच बौद्ध, पण बैठकीत बुद्धाची मूर्ती कुठं दिसत नव्हती आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं. सरिता त्या कॅलेंडरकडं आणि मग आईकडं डोळे मोठे करून पाहू लागली. प्रेमिलाबाईंनी मनात म्हटलं, कुण्या दुकानदारानं फुकट दिलं असेल, लोक टांगतात. मूर्ती आतल्या खोलीत असेल. मुलगा दिसत नव्हता, तो ड्युटीवरून यायचा असेल. लेकीचं लग्न जमवायचंच ठरवलेल्या बाईला सगळ्या गोष्टींचं उत्तर सापडतं.

“पोरगी नोकरी करते?” देवकीबाईंनी विचारलं.

“हाव, गांधीबागेत.”

“मंग दिवसभर घरी कोनी नाही. चांगलं आहे, पानी कमी लागते.”

विचित्र माणसं, पण काटकसरी आहेत, असं प्रेमिलाबाईंना वाटलं. मग भैय्याजींनी त्यांना वर नेलं. दोन खोल्या, नवा रंग, गच्चीवर ऊन. “हा पुरा मजला पोरीचा. जिना अलग आहे. केव्हा या, केव्हा जा, आम्ही इचारत नाही.”

प्रेमिलाबाईंना भरून आलं. सुनेला असा अख्खा मजला देणारं सासर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात देवकीबाई म्हणाल्या, “अन् तुम्हीही संगच राहा ना जी. पोरीले एकटं काहून ठेवता?” आता मात्र प्रेमिलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. आपल्या म्हातारपणाचाही विचार करणारी ही देवमाणसं, आणि आपण त्यांच्यापासून लपवाछपवी करतोय, याची त्यांना फार लाज वाटली. पण तेवढ्यात सरितानं “आई, ऐक ना” म्हणत बाही ओढली आणि लाजेवर सवयीनं मात केली. त्या दणकून खोकल्या.

“तुमाले खोकला लय दिवसाचा आहे का?” देवकीबाई जरा मागं सरकल्या.

चहा आला तेव्हा भैय्याजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “बाकी सब तुमच्या मर्जीनं. फक्त करार अकरा महिन्याचा राहीन. पटलं तं पुढं वाढवू, नाही पटलं तं एक महिना आधी सांगून द्या, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे.”

मामांचा कप ओठाशीच थांबला. “अकरा महिने? आमच्याकडं हे जन्मभराचं राहते जी!”

“जन्मभर?” भैय्याजी खुर्चीतून अर्धे उठले. “मंग तं घरावर कब्जाच झाला ना!”

“कब्जा? आम्ही आमची पोरगी देऊन राहिलो तुमाले!”

“पोरगी काहून देता? आधार कार्डाची झेरॉक्स द्या!”

 तेवढ्यात प्रेमिलाबाईंच्या पर्समध्ये सरिताचा मोबाइल वाजला. प्रेमिलाबाईंनी तो काढेपर्यंत सरितानं हात पुढं केला होता, आणि या वेळी खोकायचं त्यांना सुचलंच नाही.

“हाव, रोशन,” सरिता म्हणाली. “आम्ही सुजाता लेआउटमध्येच बसलो आहोत, कोन्या तरी काकांकडं. नाही, अपघात नाही झाला, कोनाचा जीव नाही गेला अजून. टाकी कोठी आहे तुमची? रस्त्याच्या पल्याड? बरं.” तिनं फोन ठेवला आणि खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, “काका किरायेदाराची वाट पाहून राहिले. मी तं फाटकापासून सांगून राहिली का हे घर नव्हे.”

“पन सत्तेचाळीस लिहिलं आहे ना!” मामा केविलवाण्या आवाजात म्हणाले.

“हा भाग एक झाला. रस्त्यापल्याड भाग दोनमध्येही एक सत्तेचाळीस आहे जी,” भैय्याजी म्हणाले. ते सज्जन होते, हसले नाहीत. देवकीबाई मात्र पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. संत्र्यांची पिशवी आत गेली ती गेलीच; ती परत मागण्याइतकं तोंड त्या वेळी कुणापाशी नव्हतं.

पुढचा रस्ता सरितानं सांगितला. लाल पट्ट्याचा पानठेला आला, ट्रान्सफॉर्मर आला, पाण्याची टाकी आणि तिच्याखाली पिंपळ आला, आणि पिंपळापासून वळताच हिरवं फाटक, त्याच्यावर कुण्या हौशी माणसानं लावलेलं सायकलचं चाक. मामा आता ती सांगेल तिथं गाडी वळवत होते. मागं बसलेल्या प्रेमिलाबाईंना एकच गोष्ट खात होती. गाडीत तीन माणसं होती, त्यातल्या एकीला घर ठाऊक होतं, आणि आपण नेमकं तिचंच तोंड सकाळपासून बंद करत आलो.

रोशनची आई पंचफुलाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, काटक, आणि वाट पाहून पाहून कपाळाला आठ्या पडलेल्या. आत बुद्धाची मूर्ती होती, अगरबत्ती जळून गेली होती, आणि पोहे थंड होऊन गोळा झाले होते. त्यांनी त्यावर कडकडीत तर्री ओतली आणि बशा पुढं केल्या. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत होता. रोशन सरिताकडं पाहून हसला आणि आईकडं पाहून हसणं आवरलं.

“इतका उशीर?” पंचफुलाबाईंनी विचारलं. “मी तं फोनवर पक्का नंबर सांगितला होता.”

नत्थूजीमामांनी गळा साफ केला. ज्या माणसाला अर्ध्या नागपूरच्या बसगाड्या पाठ, त्यानं दुसऱ्याच्या घरी बसून लग्न ठरवत आणलं, हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं. “काय सांगू बाई,” ते बशीत पाहत म्हणाले, “पोरीनं नीट सांगितलंच नाही ना आमाले.”

पंचफुलाबाई सरिताकडं वळल्या. “काहून वं? तुले पत्ता समजला नाही का?”

सरितानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं आईकडं पाहिलं. खोकला येतो का, याची ती वाट पाहत होती.

प्रेमिलाबाईंना ते दिसलं. एवढी मोठी, मिळवती लेक, आणि खरं बोलायला ती आईच्या घशाकडं पाहत होती. हे तिला शाळेनं शिकवलं नव्हतं, त्या पहिल्या स्थळाच्या आत्यानंही नव्हतं. हे आपण शिकवलं.

आणि नेमकी तेव्हाच तर्री घशात गेली.

खरोखरची गेली. पंचफुलाबाईंच्या तर्रीत तिखट कमी नव्हतं. प्रेमिलाबाईंच्या घशात आग उसळली, सकाळपासूनचे सगळे खोटे खोकले एकदम खरे होऊन वर चढू लागले. आता खोकलं तर पोरगी चूप बसेल. बसली तर मामांचं खोटं खरं ठरेल, आणि मग जन्मभर ही या घरात कुणाच्या तरी खोकल्याकडं पाहत राहील. प्रेमिलाबाईंनी दोन्ही ओठ घट्ट मिटले. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि लेकीला मानेनं खूण केली, बोल.

सरितानं खूण ओळखली. मग बोलली.

“मले पत्ता समजला होता,” ती म्हणाली. “नंबर नाही समजत. मले आकडेच समजत नाही, काकू. लहानपणापासून. डॉक्टरनं तपासलं आहे, त्याले नाव आहे. तुम्ही सत्तेचाळीस म्हटलं का तुमच्या डोक्यात एक जागा येते. माह्या डोक्यात फक्त आवाज येते. पिंपळ म्हटला का पिंपळ येते. म्हून मी रस्ता झाडावरून इचारते.”

कुकर फुसफुसत राहिला. मामा बशीतला एकुलता एक शेंगदाणा निरखत होते.

“म्हंजे मी सांगितलेलं खोटं होतं,” ते अखेर बशीलाच म्हणाले. “तिनं बरोबर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.”

“मंग घड्याळ?” पंचफुलाबाईंनी सरिताला विचारलं.

“फोनमध्ये अलार्म लावते. प्रत्येक कामाचं गानं अलग.”

“बाजारहाट?”

“कॅल्क्युलेटर आहे. अन् नोटा रंगावरून.”

“हे आमच्या याले माहीत आहे?”

“माहीत आहे,” रोशन म्हणाला. “तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हून तं मी तिले टाकी अन् पिंपळ सांगितला.”

पंचफुलाबाई लेकाकडं वळल्या, आणि प्रेमिलाबाईंना डोळ्यांतल्या पाण्यातूनही कळलं की या घरातही कुणीतरी आपल्या पद्धतीनं खोकत होतं. “अन् मले काहून नाही सांगितलं?”

“तू नाही म्हटली असती.”

“म्हटलीच असती,” पंचफुलाबाई म्हणाल्या. बाई सरळ होती. एवढं बोलून त्या बराच वेळ सरिताकडं पाहत राहिल्या, भाजी घेताना पाहतात तसं नाही, शेजारीण नवीन राहायला आल्यावर पाहतात तसं. कुणालाही वाटलं असतं, आता त्या काही मोठं बोलतील. पण कुकरनं आणखी एक शिट्टी दिली आणि त्या दचकून उठल्या. “मटन! किती झाल्या शिट्ट्या?”

“तीन,” नत्थूजीमामा ठासून म्हणाले.

“पाच,” मीटर वाचणारा रोशन म्हणाला.

“मीही बोलता बोलता इसरली,” पंचफुलाबाईंनी कबूल केलं. वाफ जिरल्यावर त्यांनी झाकण उघडलं, एक तुकडा चेपून पाहिला. चांगला कडक होता. त्यांनी कुकर परत गॅसवर चढवला आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली, “सरिता! तुह्या घरी तू शिट्ट्याचं कसं करते वं?”

सरिता आत गेली. तिनं शेंगदाण्यांचं सांगितलं. पंचफुलाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी डबा काढला, एका ताटलीत मूठ सोडली आणि विचारलं, “मटनाले किती लागतीन?”

“ते तुम्ही काढून द्या काकू,” सरिता म्हणाली. “संपवायचं काम माह्यं.”

त्यावर पंचफुलाबाई पहिल्यांदा हसल्या. नेमके काढून त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली. रिकाम्या बशा द्यायला आत आलेल्या नत्थूजीमामांचा हात सवयीनं त्या ताटलीकडं गेला, आणि पंचफुलाबाईंनी तो पळीनंच बाजूला केला.

“हात नका लावू जी,” त्या म्हणाल्या. “ते शिट्टीचे आहेत.”

बाहेर बैठकीत प्रेमिलाबाईंना हे शब्द ऐकू आले, आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला अखेर सुटला. त्या खोकल्या, खोकतच राहिल्या, घर दणाणून गेलं. रोशन पाणी आणायला धावला. आत सरिता मॅचिंगच्या दुकानातली कुठलीशी गंमत सांगत होती. आईचा खोकला ऐकून तिनं दारातून डोकावून पाहिलं, पाण्याचा ग्लास पोचला हे बघितलं, आणि आत वळून आपलं बोलणं पुढं चालू ठेवलं.